अटलांटातल्या मराठी घर-गुंतवणूकदारांना खुलं पत्र

प्रति,
भाड्याच्या घरांसाठी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढायचं ठरवलेले सर्व मराठी बंधू-भगिनी,
मेट्रो अटलांटा, जॉर्जिया

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातल्या बैठकीत तुम्ही एक निर्णय घेतलात. प्रत्येकी पन्नास हजार डॉलर घालून एलएलसी काढायची, क्लेटन, हेन्री आणि डग्लस काउंटीत तीन बेडरूमची जुनी घरं रोखीने घ्यायची, रंगरंगोटी करून भाड्याने लावायची आणि शक्यतो कधीच विकायची नाहीत. पहिल्या खेपेला वीस-पंचवीस घरं. बैठकीतल्या स्लाइड्स या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत माझ्याही फोनवर आल्या. कॅप रेट (घराच्या किमतीवर वर्षाला सुटणारा निव्वळ भाड्याचा टक्का), डेप्रिसिएशन (घसाऱ्याची करसवलत), ‘पॅसिव्ह इन्कम’, सगळं नीट मांडलंय. भाडेकरूचा उल्लेख मात्र एकाच ठिकाणी सापडला, जोखमीच्या रकान्यात: भाडं थकवणं, घर खराब करणं, मध्येच सोडून जाणं.

त्या रकान्यातली मी एक. म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहितेय, कारण या निर्णयाची झळ ज्यांना लागणार आहे त्यांच्यापैकी कोणीच तुमच्या बैठकीत नव्हतं.

नोकरी डॅलसला गेली म्हणून इथलं घर भाड्याने दिलं, आई-वडिलांसाठी घेतलेलं घर ते परत गेल्यावर लावून टाकलं, अशांशी माझं भांडण नाही. भाड्याची घरं हवीतच. ग्विनेट काउंटीत चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घ्यायची आमची ऐपत नव्हती, तेव्हा भाड्याच्या घरामुळेच माझ्या मुलींना ती शाळा मिळाली, हे मी विसरलेले नाही. माझी तक्रार आहे ती पहिलं घर शोधणाऱ्यांच्या आवाक्यातली घरं ठोकात उचलून त्यांच्या बाजारातून कायमची काढून घेण्याबद्दल, आणि मग त्याच माणसांना ती महिन्याच्या हिशेबाने परत देण्याबद्दल.

तुमच्यातले बरेच जण २०१५ नंतर इथे आलात, म्हणून आधीचं थोडं सांगते. २००८ च्या मंदीत अटलांटाच्या उपनगरांत जप्तीची लाट आली. जॉर्जियात घर जप्त करायला बँकेला कोर्टात खटला चालवावा लागत नाही. वर्तमानपत्रात चार आठवडे नोटीस छापायची आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव पुकारायचा. ज्याच्या हातात रोख, त्याचं घर. ज्यांची घरं जात होती त्यांच्याकडे रोख नव्हती आणि शेजाऱ्यांकडेही नव्हती. बँका तर कुणाला दारातही उभं करत नव्हत्या. अशा वेळी न्यूयॉर्कचा पैसा आला. ब्लॅकस्टोनने २०१२ मध्ये इन्व्हिटेशन होम्स ही कंपनी उभी केली आणि एप्रिल २०१३ मध्ये एकाच व्यवहारात अटलांटातली सुमारे १,४०० घरं उचलली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी घरभाड्याच्या येणाऱ्या रकमेवर रोखे काढले, जवळपास ४८ कोटी डॉलरचे. लॉरेन्सव्हिलच्या एखाद्या कुटुंबाने एक तारखेला भरलेलं भाडं आता दूरच्या रोखेधारकांचं व्याज फेडू लागलं, आणि एकदा ते व्याज ठरलं की भाडं खाली येणं संपलं.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा, म्हणजे जीएओचा, २०२४ चा अहवाल आहे. २०११ मध्ये एक हजार भाड्याची स्वतंत्र घरं असलेला एकही गुंतवणूकदार देशात नव्हता. २०२२ पर्यंत अशा बड्या मालकांकडे मिळून साडेचार लाखांच्या आसपास घरं आली. देशभरातल्या भाड्याच्या स्वतंत्र घरांत हे प्रमाण तीनेक टक्के भरतं. अटलांटात २५ टक्के. शार्लटमध्ये १८, जॅक्सनव्हिलमध्ये २१. आपण राहतो ते शहर या धंद्याची प्रयोगशाळा होती आणि आजही आहे.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण ते ग्रुपवर आधीच आलंय: “आम्ही काय ब्लॅकस्टोन आहोत का? आम्ही साधी नोकरदार माणसं.” बरोबर आहे. पण याच अहवालाचा हिशेब उलटा करून बघा. अटलांटातही भाड्याच्या स्वतंत्र घरांपैकी पाऊण हिस्सा बड्या कंपन्यांकडे नाही. ती घरं तुमच्यासारख्या मध्यम आणि छोट्या मालकांकडे आहेत. या शहरात भाड्याने राहणं सुसह्य होणार की असह्य, हे वॉल स्ट्रीटइतकंच तुमच्यासारख्यांच्या हातात आहे. आणि तुमच्या स्लाइड्समध्ये जी पद्धत लिहिलीय ती शब्दन् शब्द त्याच कंपन्यांची आहे; फक्त घरांची संख्या लहान.

आता तक्रारी.

पहिली खरेदीबद्दल. तुमच्यातल्या अनेकांनी स्वतःच्या घरावर हेलॉक, म्हणजे घर तारण ठेवून मिळणारं कर्ज, काढून पैसा उभा केलाय. म्हणजे तोही कर्जाचाच, पण विकणाऱ्याच्या दृष्टीने ती कॅश ऑफर. समोर कोण असतं? साडेतीन टक्के डाउन पेमेंट जमवून एफएचएचं, म्हणजे सरकारी हमीचं, कर्ज घेणारं जोडपं. एफएचएचा अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा तपासनीस) छपराचं आयुष्य बघतो, जिन्याला कठडा नसेल तर अडून बसतो, खिडकीचा रंग पोपडे धरून सुटला असेल तर आधी दुरुस्त करा म्हणतो. विकणाऱ्याला हे सगळं नको असतं. तुम्ही म्हणता इन्स्पेक्शन नको, अप्रेझल नको, चौदा दिवसांत खरेदी पूर्ण. मग घर तुम्हालाच मिळणार. त्यासाठी किंमत फार वाढवून देण्याचीही गरज नसते. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण क्लेटन काउंटीतल्या जोन्सबरोची. तिच्या आईचं घर २०१० च्या जप्तीत गेलं. ती गेली काही वर्षं त्याच भागात घर शोधतेय, पगार चांगला, क्रेडिट स्कोअर माझ्यापेक्षा चांगला. दर वेळी एजंटचा निरोप तोच: रोखीची ऑफर आली. आज ती आईच्या जुन्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका एलएलसीच्या घरात भाड्याने राहते, आणि तिचं भाडं त्या घराच्या हप्त्यापेक्षा जास्त आहे.

दुसरी तक्रार ‘कधीच विकायचं नाही’ या स्लाइडबद्दल. साडेसत्तावीस वर्षं डेप्रिसिएशन घ्यायचं, वाटलं तर १०३१ एक्स्चेंज करून एकाऐवजी दुसरं घर घ्यायचं म्हणजे कर पुढे ढकलला जातो, आणि शेवटी आपल्या पश्चात वारशाने मुलांकडे गेलं की इतक्या वर्षांचा भांडवली नफा करातून जवळजवळ पुसलाच जातो. कायदेशीर आहे, मी नाही म्हणत नाही. पण परिणाम काय होतो तो पाहा. पूर्वी एखादं कुटुंब मोठं झालं की छोटं घर विकायचं आणि नव्या जोडप्याला ते मिळायचं. तुमच्या हातात आलेलं घर त्या साखळीतून निघून जातं. राहायला घेणाऱ्याकडे ते सहजी परत येत नाही, कारण करातली सवलत तुम्हाला घर धरून ठेवायला किंवा त्याच्या बदल्यात दुसरं भाड्याचं घर घ्यायला लावते. २००८ नंतर कित्येक वर्षं नवी घरं पुरेशी बांधली गेली नाहीत, खरी टंचाई तिथे आहे, हे तुमचं म्हणणंही मला मान्य आहे. टंचाई आहे म्हणूनच तर ठोक खरेदी जास्त बोचते.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलते. तुम्ही निवडलेल्या भागांना स्लाइडमध्ये ‘सी क्लास’, म्हणजे खालच्या दर्जाचा भाग, असा शेरा आहे. क्लेटन काउंटीत बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. याच लोकांना एकेकाळी बँका कर्ज देत नव्हत्या, मग २००५-०६ मध्ये सर्वांत महागडी कर्जं त्यांच्याच गळ्यात मारली आणि मग जप्ती आणली. जॉर्जिया टेकमधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की २००७ ते २०१६ या काळात गुंतवणूकदारांच्या खरेदीमुळे अटलांटातल्या कृष्णवर्णीयांच्या हातून ४ अब्ज डॉलरहून जास्त घर-संपत्ती निसटली. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना ऑबर्न अव्हेन्यूवर मार्टिन ल्यूथर किंग यांचं किंग सेंटर दाखवायला नेतो, गांधीजींच्या पुतळ्यापाशी फोटो काढतो. ज्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आपल्याला या देशाचं दार उघडलं तो त्या माणसांच्या चळवळीच्या लाटेतच मंजूर झाला, हेही सांगतो. आणि मग सोमवारी त्यांच्याच मोहल्ल्यातल्या घरांची यादी एक्सेलमध्ये भरतो. तुम्ही हे जाणूनबुजून करताय असं मी म्हणत नाही. पण कॅप रेट तिथे जास्त का आहे, याचा विचार त्या बैठकीत एकाने तरी करायला हवा होता.

चौथी, आणि मला सर्वांत लागलेली: मालक सापडत नाही. आमचं आधीचं घर एका बड्या कंपनीचं होतं, आताचं एका छोट्या एलएलसीचं. ऐन जानेवारीत गॅरेजमधला वॉटर हीटर खालून गळायला लागला. ॲपवर तिकीट टाकलं. “तुमची विनंती आम्हाला मिळाली आहे” असं उत्तर आलं, मग दुसऱ्या एका राज्यातून फोन, मग फोटो पाठवा, मग व्हिडिओ पाठवा. गॅरेजभर पाणी, मुली शेजारणीकडे आंघोळीला. शेवटी मी काउंटीच्या मालमत्ता कराच्या साइटवर घराचा पत्ता घातला. मालक म्हणून एलएलसीचं नाव. ते नाव जॉर्जियाच्या कंपनी नोंदणीच्या साइटवर घातलं, तर कंपनी काढणाऱ्याच्या जागी चक्क मराठी आडनाव. ओळखीचं. गणपतीच्या मिरवणुकीत माझ्या नवऱ्याच्या शेजारी ढोल वाजवणारे गृहस्थ. मी फोन केला. ते प्रामाणिकपणे चकित झाले. “अहो वहिनी, ते घर आमच्यातलं आहे हे मला आत्ता कळतंय. सगळं मॅनेजर बघतो.” दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवा हीटर बसला.

माणूस वाईट नाही. त्यांच्यावर मी रागावलेच नाही. राग आला तो आपल्या घरात कोण राहतं हे माहीत नसणं हीच ज्याची खुबी म्हणून सांगितली जाते, त्या धंद्याचा. आमच्या आजोळी साताऱ्यात वाड्याचा मालक वरच्या मजल्यावर राहायचा. खडूस होता, दिव्याचं बिल वाटून घेताना भांडायचा, पण नळाला पाणी नसलं की त्याच्याही नळाला नसायचं. आणि माझ्या फोनने काम झालं ते मी मराठी म्हणून. जोन्सबरोच्या मैत्रिणीने कोणाला फोन करायचा? जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवून दिलंय की अटलांटाच्या मुख्य पाच काउंट्यांत फक्त तीन कंपन्यांकडे मिळून १९ हजारांहून जास्त घरं आहेत आणि ती शंभर-दीडशेहूनही अधिक वेगवेगळ्या नावांखाली नोंदलेली आहेत. तुम्हीही दर पाच घरांमागे एक नवी एलएलसी काढणार असं स्लाइडवर आहे. वकिलाने सांगितलं असणार. भाडेकरूने मात्र कुणाकडे बघायचं?

भाडं आणि वरची फी. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये इन्व्हिटेशन होम्सने केंद्रीय व्यापार आयोगाशी ४.८ कोटी डॉलरची तडजोड केली. आयोगाचा आरोप होता की जाहिरातीतलं भाडं एक आणि प्रत्यक्षातलं दुसरं: स्मार्ट लॉकची सक्तीची फी, एअर फिल्टर घरपोच देण्याची फी, पाणी-विजेचं बिल ‘मॅनेज’ करण्याची फी, सगळं धरून वर्षाला १,७०० डॉलरच्या वर, शिवाय जाताना डिपॉझिट अडवणं. तुमच्या स्लाइडवर ‘इतर उत्पन्न’ म्हणून जवळपास हीच यादी आहे, फिल्टरसकट. फिल्टर होम डेपोत मिळतो हो. जॉर्जियात काउंटीला किंवा शहराला भाड्यावर मर्यादा घालायला राज्याच्या कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे रिन्यूअलला किती वाढवायचं हे पूर्णपणे तुमच्या मनावर. वाढलेलं भाडं परवडलं नाही तर आम्ही फक्त घर बदलत नाही. शाळेची हद्द बदलते, मुलीची मैत्रीण बदलते, मध्येच बँडमधली जागा जाते.

बेदखलीबद्दल, म्हणजे भाडेकरूला कोर्टामार्फत घराबाहेर काढण्याबद्दल, थोडक्यात. अटलांटाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या एका अभ्यासात फुल्टन काउंटीतल्या नोंदी तपासल्या होत्या. बाकी सगळ्या गोष्टी सारख्या धरल्या तरी कंपनी-मालकांकडून बेदखलीची नोटीस दाखल होण्याची शक्यता छोट्या मालकांपेक्षा ६८ टक्के जास्त निघाली. आणि त्या अभ्यासात कंपनी म्हणजे काय, तर काउंटीत पंधराहून जास्त घरं असलेला मालक. तीन काउंट्यांत वाटली गेली तरी तुमची पहिलीच खेप तुम्हाला त्या गटाच्या जवळ नेते. मुदत संपताच सॉफ्टवेअर आपोआप केस दाखल करतं; भाडेकरूला उत्तर द्यायला सात दिवस; पैसे भरले तरी नोंद राहते आणि पुढचं घर मिळताना आडवी येते. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या साठ दिवसांत लीज मोडल्याबद्दल दोन महिन्यांचं भाडं वर मागणारं ॲप आपल्याच एखाद्या नव्याने आलेल्या पोराच्या वाट्याला येणार आहे. पूर्वी क्रेडिट हिस्टरी नसलेल्या अशा पोराला कुणीतरी देशपांडेकाका किंवा रेड्डी अंकल तोंडओळखीवर घर देत असत. स्क्रीनिंगच्या सॉफ्टवेअरला तोंडओळख नसते.

एचओएबद्दल, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाबद्दल, एकच. आमच्या वसाहतीत भाड्याच्या घरांवर मर्यादा घालायचा ठराव आला होता. असे नियम बदलायला साधारण दोन तृतीयांश मतं लागतात. भाडेकरूला मत नाही, ते ठीक. पण इथे कधी पाऊलही न ठेवलेल्या एलएलसींची प्रॉक्सी मतं विरोधात पडून ठराव बारगळला. इंडियानातल्या फिशर्स शहराने २०२५ मध्ये प्रत्येक वसाहतीत भाड्याच्या स्वतंत्र घरांना १० टक्क्यांची मर्यादा घातली. शहरांना असं करावं लागतं, कारण मालक स्वतःहून करत नाहीत.

गुंतवणूक करूच नका, असं मी म्हणत नाही. पैसा आहे, तुमच्या घामाचा आहे. बांधकामात घाला: कुणी नवी घरं बांधून विकत असेल तर त्याला पैसे द्या, एक घर वाढेल तरी. पण भाड्याच्या घरांतच घालणार असाल, तर माझ्या मागण्या अशा:

१. घर विक्रीला आलं की पहिले तीस दिवस ऑफर देऊ नका. फॅनी मे ही गृहकर्जं विकत घेणारी कंपनी जप्तीतली घरं विकताना तेवढे दिवस राहायला घेणाऱ्यांसाठी राखून ठेवते. सरकारी आश्रयाखालच्या कंपनीला जमतं, तुम्हालाही जमेल.

२. प्रत्येक लीजवर एलएलसीच्या मागच्या एका खऱ्या माणसाचं नाव आणि जॉर्जियातला फोन नंबर लिहा. गरम पाणी, हीटिंग, एसी आणि सांडपाणी यांच्या तक्रारीवर चोवीस तासांत माणूस दारात हवा.

३. जाहिरातीत जे भाडं, तेच भाडं. वर एकही सक्तीची फी नको.

४. रिन्यूअलची वाढ नव्वद दिवस आधी कळवा आणि सोबत कराचं व विम्याचं बिल जोडा. खर्च वाढलाय तेवढं मागा. शाळा सुरू असताना घर रिकामं करायला लावू नका.

५. विकायची वेळ आली तर आधी राहणाऱ्या भाडेकरूला विचारा, अप्रेझलच्या किमतीला. तीन वर्षं वेळेवर भाडं भरणाऱ्याला तेवढा मान द्या.

६. बेदखलीची केस दाखल करण्याआधी तुमच्यातल्या एकाने स्वतः फोन करावा. मॅनेजरने नव्हे. जॉर्जियाच्या कायद्याने जुलै २०२४ पासून कामकाजाच्या तीन दिवसांची लेखी मुदत दिलीय. तुम्ही तीस द्या.

७. ज्या वसाहतीत तुमच्यातलं कोणी राहत नाही, तिथल्या भाडे-मर्यादेच्या ठरावावर तुमचं प्रॉक्सी मत टाकू नका.

८. आणि मंडळाच्या कार्यकारिणीला वेगळी विनंती: गणेशोत्सवाच्या हॉलमध्ये, आरतीनंतर, या योजनेचे फॉर्म वाटू नका. त्या रांगेत भाडेकरूही उभे असतात.

उत्तर ग्रुपवरच द्या, खासगीत नको. पुढच्या बैठकीची तारीख कळवलीत तर मी येईन. बोलायला पंधरा मिनिटं हवीत. जोन्सबरोची मैत्रीणही यायला तयार आहे, तेव्हा त्या दिवशी बैठक इंग्रजीत घ्यावी लागेल.

आपली,
ग्विनेट काउंटीतली एक मराठी भाडेकरू